दिवा कोण लावणार?

प्रवासाची तयारी म्हटली की आपल्याकडे पहिला विचार होतो तो तिकिटांचा, दुसरा फराळाच्या डब्यांचा आणि तिसरा औषधांच्या पिशवीचा. मागे राहणाऱ्या घराचा विचार बहुधा कुलूप लावतेवेळी सुचतो, आणि तोही कुलूप दोनदा ओढून पाहण्यापलीकडे जात नाही. आमच्या घरी २०२४ सालच्या दिवाळीत मात्र उलट घडले. तिकिटे काढण्यापूर्वीच माझ्या आईने प्रश्न टाकला, "जायचे ते खरे, पण दिवा कोण लावणार?"

आई ऐंशी वर्षांची. तिचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, आडिवऱ्याच्या महाकालीच्या परिसरातले. १९६४ साली लग्न होऊन ती बडोद्यास आली, तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. रत्नागिरीच्या बंदरातून बोटीने मुंबई, भाऊच्या धक्क्यावर उतरून पुढे आगगाडीने बडोदे, असा तिचा सासरचा पहिला प्रवास झाला. त्यानंतर माहेरी जाणे झाले ते बोटांवर मोजण्याइतके. तिचे थोरले बंधू, म्हणजे आमचे मामा, नोकरीनिमित्त आयुष्यभर मुंबईकडे राहिले. गावचे घर गणपतीपुरते उघडत असे. त्या वर्षी मामांचा दूरध्वनी आला : "यंदा दिवाळीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावी राहणार आहे. मी चौऱ्याऐंशीचा, तू ऐंशीची. भाऊबीज एकदा आपल्या घरी होऊ दे."

असे बोलावणे आल्यावर आईने आनंदाने निघावे, ही कोणाचीही अपेक्षा. परंतु तिच्या मनात २०२१ सालची आठवण घर करून बसली होती.

त्या वर्षी एका लग्नासाठी आम्ही सारे चार दिवस पुण्याला गेलो होतो. घर अंधारात राहू नये म्हणून निघताना मी दारावरचा दिवा लावून ठेवला आणि आपण मोठी दक्षता घेतली अशा समाधानात गाडीत बसलो. तिसऱ्या रात्री चोरी झाली. आईच्या पाटल्या गेल्या, आणि माहेरून लग्नात आलेल्या देवघरातील चांदीच्या दोन लहान समयाही गेल्या. पाटल्यांचे दुःख तिने महिन्याभरात गिळले. समयांचे मात्र गिळता आले नाही.

पंचनामा आटोपल्यावर समोरच्या घरातले काका मला हळूच म्हणाले, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या दिव्यानेच सांगितले की घरात कोणी नाही. भर दुपारी बारा वाजता दारावरचा दिवा जळतो, ते घर रिकामेच असणार."

छत्तीस वर्षे खडू हातात धरलेल्या माणसाला हा धडा शेजाऱ्याकडून शिकावा लागला. अंधार जसा चुगली करतो, तसाच चोवीस तास तेवणारा दिवाही करतो. माणूस राहतो त्या घरातला प्रकाश कधी एका जागी थांबत नाही. तो संध्याकाळी स्वयंपाकघरात असतो, रात्री बैठकीत येतो, तेथून झोपण्याच्या खोलीत जातो आणि मग विझतो.

आमच्या आजोबांच्या पिढीला हा विचार करावाच लागला नसावा. दांडियाबाजारातल्या ज्या वाड्यात त्यांनी बिऱ्हाड केले, तेथे एक चौक आणि सात कुटुंबे होती. एक कुटुंब यात्रेला गेले तरी उरलेल्या सहांची माणसे त्याच ओट्यावर बसत, त्याच जिन्यावरून चढत-उतरत. दांडियाबाजार, रावपुरा, मांडवीच्या आसपासच्या पोळी, येथील जुन्या वस्तीची रचनाच अशी की भिंतीला भिंत लागून असे आणि परका माणूस पाच पावले आत आला की तीन डोळे त्याच्याकडे वळत. पुढे सोसायट्या झाल्या, घराभोवती मोकळी जागा आली, झाडे आली, फाटक आले. आम्हीही १९७८ साली त्या वाड्यातून निघून अशाच एका सोसायटीत राहावयास आलो. हवा आणि उजेड वाढला, तसे शेजारचे डोळे लांब गेले. त्यातून गुजरातेत दिवाळीची सुटी तीन आठवड्यांची. बेसते वर्ष झाले की निम्मी गल्ली प्रवासाला निघते. सुटी जवळ आली की पोलीसही लोकांना बाहेरगावी जाताना शेजाऱ्यांना सांगून जाण्याचे आवाहन करतात, ते उगाच नव्हे.

आईच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर आधी आपल्या घराचा दिवा कसा चालतो हे पाहणे आवश्यक होते. मी एक वही घेतली आणि शाळेचे वेळापत्रक करावे तसे आठ दिवस घरातल्या दिव्यांचे वेळापत्रक टिपले. सव्वासहाला बैठकीचा दिवा लागतो, साडेदहाला विझतो. साडेदहाला माझ्या वाचनाच्या खोलीत दिवा लागतो, सव्वाअकराच्या सुमारास मालवतो. पहाटे पाचला स्वयंपाकघरात उजेड होतो. सौ. म्हणाली, "इतक्या वर्षांत आपण इतके घड्याळाप्रमाणे जगतो हे मला कळलेच नव्हते!"

मग बाजारातून दोन टायमर आणले. एक चाकाचा. त्याच्या तबकडीच्या कडेला बारीक खुंट्या असतात, प्रत्येक खुंटी पाव तासाची, म्हणजे दिवसाच्या शहाण्णव. ज्या वेळी दिवा हवा तेवढ्या खुंट्या दाबावयाच्या आणि दिव्याची पिन त्यात बसवून तो भिंतीच्या प्लगमध्ये लावावयाचा. दुसरा आकडे दाखवणारा. त्याच्या पोटात लहानशी बॅटरी असते, आणि रोज दिवा थोडा मागेपुढे लागावा अशीही सोय असते. ही सोय मला विशेष आवडली, कारण कोणताही माणूस रोज अगदी त्याच मिनिटाला दिवा मालवत नाही. आमच्या चिरंजीवांचा आग्रह मोबाईलवरून लावता येणाऱ्या दिव्यांसाठी होता. ते दिवे उत्तमच. परंतु ते घरातल्या वायफायवर चालतात, आणि वायफाय बंद पडले की कोकणात बसून बटण दाबून उपयोग नाही. म्हणून साध्या यंत्रांवर भिस्त ठेवली.

या खटाटोपात काही गोष्टी अनुभवाने कळल्या, त्या वाचकांच्या उपयोगी पडतील. टायमरला टेबलावरचा दिवा जोडावा आणि त्यात एलईडी बल्बच घालावा. जुना तारेचा बल्ब तापतो, आणि पडद्याजवळ असेल तर बंद घरात नको ते घडू शकते. नऊ वॅटचे दोन बल्ब रोज पाच तास जळले तरी पंधरा दिवसांत दीड युनिट वीजही खर्च होत नाही. दिवा खिडकीत न ठेवता खोलीच्या आतल्या बाजूस, पडद्यावर नुसता उजेड पडेल असा ठेवावा. मी रात्री रस्त्यावर उभा राहून पाहिले, तेव्हा विरळ पडद्यातून आमची रिकामी आरामखुर्ची स्पष्ट दिसत होती. तो पडदा बदलावा लागला. ऋतूचेही भान हवे. बडोद्यास जूनअखेर सूर्य जवळजवळ साडेसातला मावळतो आणि नोव्हेंबरात सहाच्या सुमारास. उन्हाळ्यात लावलेली वेळ दिवाळीत तशीच ठेवली तर घर दीड तास अंधारात बसते. आणि जुन्या सवयीने जाताना मेन स्विच पाडू नये. मी स्वतः तो पाडण्यास हात उचलला होता. ज्या दिव्यांसाठी एवढे केले तेच त्याने बंद झाले असते. गीझर, पंखे यांची बटणे वेगळी पाडावीत.

दिव्याने एक गोष्ट सांगावी आणि दाराने दुसरी, असेही होता कामा नये. वर्तमानपत्र आणि दुधाची पिशवी बंद केली. निघण्याआधी आणि परत येईपर्यंत प्रवासाची छायाचित्रे मोबाईलवर कोणासही दाखवावयाची नाहीत, अशी मुलांना ताकीद दिली.

हे सारे मी आईला दाखवले. तिने तबकडी फिरताना पाहिली, दिवा लागला तो पाहिला, आणि म्हणाली, "बैठकीतला झाला. देवाचा?"

ती नंदादीप तेवत ठेवा म्हणत होती. बंद घरात तेलाचा दिवा ठेवणे मला मान्य नव्हते, आणि देवापुढे विजेचा दिवा तिला मान्य नव्हता. दोन दिवस आम्ही मायलेक एकमेकांशी जेवढ्यास तेवढेच बोललो. तिढा सोडवला तो समोरच्या काकींनी. त्या म्हणाल्या, "बा, तुमच्या तुळशीपाशी रोज सांजेला मी दिवो करीन. विझेपर्यंत आमच्या ओटल्यावरून नजर राहील. देव आतून बघेल." आईने क्षणभर विचार केला आणि किल्लीचा जुडगा त्यांच्या हाती दिला. त्यानंतरच तिकिटे निघाली.

१ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आटोपून आम्ही रात्रीच्या गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी पनवेल मागे पडले आणि आई खिडकीला चिकटून बसली. भातकापणी चालू होती. मळ्यांत पिवळे, डोंगरांवर हिरवे आणि रुळांच्या दोन्ही बाजूंस कापलेल्या जांभ्याचे तांबडे. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटरांचा हा कोकण रेल्वेवरील सर्वांत लांब बोगदा. डब्यात अंधारून आले, तशी आई म्हणाली, "आत्ता घरी किती वाजले असतील रे?" बडोद्याचे आणि बोगद्यातले घड्याळ एकच, हे तिला ठाऊक नव्हते असे नव्हे.

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल, गावखडीचे सुरूबन, मग कशेळी, असा तो समुद्राला धरून जाणारा रस्ता आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावा. गाव आले तेव्हा उन्हे कलली होती. पाणंदीच्या दोन्ही बाजूंस चिऱ्याचे गडगे, आणि टोकाला मामा काठी टेकून उभे. भावाबहिणींनी एकमेकांना काय म्हटले ते मी ऐकले नाही. सामान उतरवण्याच्या निमित्ताने मी मागे राहिलो.

वाडीत अकरा घरे. त्यांपैकी सात बंद. कौले शाकारलेली, अंगणे झाडलेली, दारांना कुलपे. माणसे मुंबईला, ठाण्याला, पुण्याला. कोकणातल्या कित्येक वाड्यांची आज हीच कथा आहे, आणि गणपती-शिमग्याखेरीज तेथे फार गजबज नसते. सूर्य बुडाला, आणि मी मनात म्हटले, आता ही सात घरे अंधारात बुडतील.

तसे झाले नाही. शेजारच्या घरातून एक पन्नाशीच्या बाई किल्ल्यांचा मोठा जुडगा घेऊन निघाल्या. पहिल्या बंद घराच्या पडवीत शिरल्या, बटण दाबले, दिवा लागला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दहा मिनिटांत सातही पडव्या उजळल्या. आठच्या सुमारास त्या पुन्हा निघत आणि एकेक दिवा मालवीत. घरमालक त्यांना महिन्याला थोडे पैसे पाठवतात, असे मामा म्हणाले.

माझ्या डोक्यात अर्थातच माझे टायमर फिरत होते. मी दुसऱ्या दिवशी त्यांना विचारले, "वहिनी, ही घरे बंद आहेत हे तर साऱ्या गावाला माहीत. मग दिवा दाखवायचा कोणाला?"

त्या हसल्या. "चोराला नाही हो, मास्तर. शिकवणीहून पोरे येतात, काळोख्या घरांवरून जायला भितात. आणि घराला रोज कोणी उघडले, उजेड केला, म्हणजे वाळवी लागली, कौल सरकले, ते लगेच कळते. मुंबईची माणसे येतील तेव्हा घर ओळखीचे वाटायला हवे ना?"

मी बडोद्यात दिवा लावला होता तो 'घरात कोणी आहे' असे भासवण्यासाठी. येथला दिवा तसे काही भासवत नव्हता. घरात कोणी नाही, पण घराकडे कोणाचे तरी लक्ष आहे, एवढेच तो सांगत होता, आणि ते खरे होते. मी आठ दिवस वही भरून जे साधू पाहत होतो, त्यात ही एक गोष्ट लिहावयाची राहिली होती.

भाऊबीज झाली. आईने मामांना ओवाळले, तेव्हा तबकात मामांनी पाकीट ठेवले नाही. देवघरातल्या पितळी समयांच्या जोडीतली एक उचलून तिच्यापुढे ठेवली. "दोन आहेत. एक तुझी," एवढेच म्हणाले. २०२१ सालची हकिगत आम्ही त्यांना कधी कळवली नव्हती. आईनेच केव्हातरी सांगितली असणार.

माझ्या यंत्रांची परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. एका रात्री सव्वादहाला समोरच्या काकांचा दूरध्वनी आला. "साहेब, तुमचा बैठकीचा दिवो आत्ता लागला! सांजेपासून अंधार होता." मला उलगडा होण्यास क्षण लागला. त्या दुपारी दुरुस्तीसाठी आमच्या भागातली वीज चार तास बंद होती. चाकाचा टायमर विजेवरच फिरतो. वीज गेली तशी तबकडी थांबली, आणि वीज आली तेव्हा चार तास मागे राहून पुन्हा फिरू लागली. सव्वासहाचा दिवा सव्वादहाला लागला, आणि तसाच सोडला असता तर रात्री अडीचपर्यंत जळत राहिला असता. आतल्या खोलीतला बॅटरीचा टायमर मात्र चुकला नाही. काका किल्ली घेऊन गेले, मी येथून सांगत गेलो तशी त्यांनी तबकडी पुढे फिरवली. जाता जाता दारावरचा आकाशकंदीलही उतरवून ठेवू का, म्हणून त्यांनीच विचारले. तुळशीचे लग्न झाल्यावर उतरवा, असे मी सांगितले. आमच्या दारच्या तुळशीचे लग्न त्या वर्षी काकींनी आपल्या पद्धतीने लावले.

ज्या यंत्राला मी घराचा राखणदार समजत होतो, त्याची राखण करावयास शेजारी लागला. आई पलीकडे बसून हे सारे ऐकत होती. मला वाटले ती काही बोलेल. तिने फक्त विचारले, "तुळशीपाशी दिवा होता ना?" काकांनी तिकडून मोठ्याने सांगितले, "होता, बा. रोज असतो."

१५ नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा. गावच्या देवळापुढची दीपमाळ पणत्यांनी पेटवतात. खालच्या हातांच्या पणत्या मामा आणि आई यांनी मिळून लावल्या, वरच्या तरुण मुलांनी. वारा होता, त्यामुळे लावलेल्या पणत्या पुनःपुन्हा विझत आणि मुले पुनःपुन्हा चढत. शेवटी साऱ्या एकदम तेवल्या त्या पाचदहा मिनिटेच, पण वाडीतल्या उघड्या आणि बंद, सगळ्या घरांच्या भिंतींवर त्यांचा उजेड पडला होता.

परतीच्या वाटेवर एक रात्र रत्नागिरीस काढली. जेवण झाल्यावर आईला मांडवीच्या धक्क्यावर नेले. समोर रत्नदुर्गाच्या बाजूने दीपगृहाचा प्रकाश समुद्रावर फिरत होता. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "बोट बंदराबाहेर पडली तेव्हा अंधार झाला होता. माझ्या माहेरचे शेवटी दिसले ते एवढेच." प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीचा ठेका वेगळा असतो, आणि त्यावरून नावाडी आपण कोणत्या किनाऱ्याजवळ आहोत ते ओळखतो, हे मी मुलांना वर्गात अनेकदा सांगितले आहे. घराच्या दिव्यालाही तसा स्वतःचा ठेका असतो आणि तो समोरच्या ओटल्यावर बसणाऱ्याला पाठ असतो, हे मला या प्रवासात समजले. म्हणूनच काकांना सव्वादहाचा दिवा खटकला. परक्याला त्यात काहीच वावगे दिसले नसते.

१७ तारखेस दिवेलागण होऊन गेल्यावर आम्ही बडोद्याच्या स्थानकावर उतरलो. रिक्षा आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर वळली आणि आईने माझा दंड घट्ट धरला. "अरे, आपल्या घरात कोण आहे?"

बैठकीच्या खिडकीत दिवा होता. पडद्यावर नेहमीचा मऊ उजेड पडला होता. ज्या बाईने तबकडीची प्रत्येक खुंटी माझ्याबरोबर मोजली होती तीच क्षणभर फसली, आणि खरे सांगावयाचे तर मीही.

फाटकाशी आलो तो तुळशीपाशी पणती तेवत होती आणि समोरच्या ओटल्यावर काका-काकी बसलेली होती. काकी उठून आल्या, किल्ल्या आईच्या हाती दिल्या आणि म्हणाल्या, "बा, आजचा दिवो जरा उशिरा केला. तुम्ही येणार होता ना, म्हणून तेल जास्त घातले."

आईने हातपाय धुतले, पिशवीतून कोकणची समई काढली, पुसली, देवघरात ठेवली आणि वात लावली. मग बैठकीकडे पाहून मला म्हणाली, "आता तो तुझा दिवा मालव. घरात माणसे आली."